अफूवर्गीय व्यसनाच्या चिकित्सेत अभ्यंगाचे स्थान

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा कारखाने, शिवणकाम आणि रोजच्या लोकल प्रवासाचा पट्टा आहे. अंगदुखीची तक्रार येथील प्रत्येक चिकित्सालयात रोज ऐकू येते. ही तक्रार नेहमीच श्रमजन्य असेल असे मात्र नाही. तिच्यासोबत वारंवार जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, अतिसार, अनिद्रा व विस्फारलेल्या बाहुल्या आढळल्यास अफूवर्गीय द्रव्य बंद पडल्याची शंका घ्यावी. हेरॉईन, कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व ट्रामाडॉलची गोळी ही सर्व याच वर्गातील होत.

संप्राप्तीचा विचार

हेरॉईन बंद केल्यावर साधारण ८ ते २४ तासांत लक्षणे सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तीव्र होतात आणि ४ ते १० दिवस टिकतात. अंगमर्द, जृंभा, अनिद्रा, अस्वस्थता ही वातप्रकोपाची लक्षणे स्पष्ट दिसतात. म्हणून वातशामक अभ्यंगाकडे वैद्याचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. तथापि याच काळात अतिसार, छर्दी व अग्निमांद्यही असते. वाग्भटाचार्यांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात अजीर्ण असता अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. तेव्हा केवळ वात पाहून पहिल्याच दिवशी सर्वांगास तेल लावणे शास्त्रास धरून नाही.

अभ्यंग कोणता व केव्हा

पहिल्या दोन-तीन दिवसांत रुग्णास सोसेल तर पादाभ्यंग व हलका शिरोभ्यंग एवढेच करावे. झोपेपूर्वी कोमट तीळतेलाने १५ ते २० मिनिटे मंद हाताने केलेला पादाभ्यंग पुरेसा होतो. अतिसार व उलट्या थांबून भूक लागू लागल्यावर बलातैल अथवा क्षीरबला तैलाने सर्वांगाभ्यंग सुरू करावा. द्रवनाश झालेल्या रुग्णास तीव्र स्वेदन देऊ नये. मर्दनाचा जोर रुग्णाच्या बलानुसार ठेवावा.

सुईने द्रव्य घेणाऱ्यांची त्वचा आधी नीट पाहावी. विद्रधी, व्रण, दुखरी सुजलेली शीर किंवा एकाच पायास आलेली सूज असल्यास तेथे हात लावू नये. शिरेत रक्ताची गाठ असल्यास मर्दनाने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. असा रुग्ण तात्काळ रुग्णालयात पाठवावा.

मर्यादा

कॅनडातील एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. मद्य, कोकेन व अफूवर्गीय द्रव्ये सोडणाऱ्या रुग्णांची चिंता खुर्चीवर बसवून केलेल्या मर्दनाने कमी झाल्याचे त्यात आढळले. चिंता कमी होणे आणि व्यसन सुटणे या भिन्न गोष्टी आहेत. अभ्यंग हा उपचाराचा साहाय्यक आहे, पर्याय नव्हे. ब्युप्रेनॉर्फिन वा मेथाडोन देण्याचा व ते कमी करण्याचा निर्णय मनोविकारतज्ज्ञाचाच असावा. चरकाचार्यांचा पादांशिक क्रम हानिकर सवय पायरीपायरीने सोडण्यास सांगतो. तज्ज्ञांची क्रमशः मात्रा घटविण्याची पद्धत त्याच्याशी जुळणारी आहे.

एक गोष्ट प्रत्येक नातेवाइकास सांगितलीच पाहिजे. काही दिवस द्रव्य बंद राहिले की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच मात्रेने श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. ‘मालिश करून बरा झाला’ असे समजून रुग्णास एकटे सोडणे म्हणूनच घातक आहे. श्वास मंद, ओठ निळसर, बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्यास क्षणाचाही विलंब न करता १०८ वर कळवावे.

औषधविक्रेत्यांसाठी

कोडीन व ट्रामाडॉल ‘एच-१’ परिशिष्टात असून १ मार्च २०१४ पासून त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद ठेवावी लागते. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थ कायद्याखालीही आले. आपल्या कपाटाकडेही पाहणे आवश्यक आहे. अहिफेन हे ‘ई-१’ परिशिष्टातील विषद्रव्य आहे आणि कामिनीविद्रावण रसासारख्या कल्पांत ते असते. असा कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचा असतो. तो चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने दिला तर व्यसन आपल्याच दुकानातून सुरू होते.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची स्थापना १९८६ साली डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी केली. समुपदेशन, कुटुंबाचा सहभाग व दीर्घकाळ पाठपुरावा यांवर तेथे भर आहे. आमच्या मते वैद्याने या साखळीतील एक दुवा व्हावे. राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ चिकित्सालयात व दुकानात ठळकपणे लावावा. स्नेहाचा हात रुग्णाचा विश्वास मिळवतो. त्या विश्वासाचा उपयोग त्याला योग्य केंद्रापर्यंत नेण्यासाठी करणे हेच आपले कर्तव्य होय.