रेडिएशनच्या काळात त्वचा जपायची, तर पैसे कुठे खर्च करावेत?

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू झालं, की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्या जागेची त्वचा लाल होते, काळवंडते, तिची आग होते. काखेत आणि स्तनाखालच्या घडीत ती सोलवटते, कधी पाणीही सुटतं. उपचार संपल्यावर साधारण आठवडाभर त्रास वाढतो, मग हळूहळू उतरतो. याच काळात महागडी क्रीम्स घरात शिरतात. खरं तर त्वचेचा खर्च बहुतेकींचा हजार-दीड हजारांत भागतो. खिसा रिकामा होतो तो रुग्णालयाच्या फेऱ्यांमुळे.

आधी विचारा : सिटिंग किती?
पूर्वी पाच आठवड्यांत २५ सिटिंग, म्हणजे रेडिएशन घेण्याच्या वेळा, होत. आता अनेकींना तीन आठवड्यांत १५ पुरतात. ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये आल्यापासून काही निवडक रुग्णांना एका आठवड्यात मिळून एकूण पाचच दिली जातात. सिटिंग कमी असली की त्वचेचा तात्पुरता त्रास सहसा कमी होतो, शिवाय प्रवास, लॉज आणि बुडणारा रोजही वाचतो. मात्र हा निर्णय डॉक्टरांचाच.

खर्चाचा अंदाज
• मोमेटासोन ०.१ टक्का (स्टेरॉइड) क्रीम : डॉक्टरांनी लिहून दिलं तर पहिल्या दिवसापासून. तर्जनीच्या शेवटच्या पेराएवढं क्रीम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. या हिशेबाने पाच आठवड्यांना १५ ग्रॅमच्या तीन-चार ट्यूब लागतात. एक ट्यूब अंदाजे १०० ते २५० रुपये, जेनेरिक मागा. फुटलेल्या त्वचेवर लावू नका.
• बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर : अंदाजे २०० ते ४०० रुपये.
• सैल सुती कपडे, तार नसलेली ब्रा : घरात असतील तेच चालतील.
• सिलिकॉनची पातळ फिल्म : खर्च काही हजारांवर जातो. कॅनडातल्या २०२३ च्या चाचणीत ही फिल्म लावलेल्यांपैकी १५.५ टक्के रुग्णांना मध्यम ते तीव्र त्रास झाला. न लावलेल्यांत तो ४५.६ टक्के होता. परवडत असेल तर विचारा, विशेषतः स्तन मोठे असतील तर.

इथे खर्च नको
कोरफड जेल आणि हळदीच्या गोळ्या चाचण्यांत टिकल्या नाहीत. लेप, बाम, शेक, बर्फ, चिकटपट्टी टाळाच.

फुकटची काळजी
कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, मऊ कापडाने टिपा, घासू नका. मशीनसाठी काढलेल्या खुणा पुसू देऊ नका. काखेत ब्लेड वापरू नका. उन्हात ती जागा झाकून ठेवा.

सवलती
महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधीच जा. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

पाणी सुटलं, पू किंवा वास आला, ताप चढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्वचा दुखते म्हणून स्वतःहून सिटिंग मात्र चुकवू नका.