जर्मनीतील एम्.एस्सी. : फीमाफीच्या पलीकडे



अकरावी-बारावीच्या पालकसभेत अलीकडे एक प्रश्न हटकून येतो. जर्मनीत इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणाला फी लागत नाही म्हणतात, ते खरे का? प्रश्न स्वाभाविक आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी शिकत होते आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचाच गट सर्वांत मोठा होता. आपल्या इंदुरातूनही मुले जातात. एजंटांच्या पाट्या तर चौकाचौकांत आहेत. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेत आहोत. मुले आज दहावी-अकरावीत आहेत, मास्टर्सला अजून पाच-सहा वर्षे आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. पण तयारीचा मोठा भाग याच वर्षांत होतो, असे आमचे मत आहे, आणि ते का, हे पुढे येईलच.

आधी फीची गोष्ट. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क नाही, हे खरे. दर सत्राला काही वर्गणी भरावी लागते. ती बऱ्याच ठिकाणी शंभर ते साडेतीनशे युरोंच्या आसपास असते आणि पुष्कळदा तिच्यातच बस-रेल्वेचा पास येतो. परंतु शिक्षण हा तेथे राज्यांचा विषय आहे (आपल्याकडेही १९७६ पर्यंत तसेच होते), त्यामुळे सगळीकडे एक नियम नाही. कार्ल्सरूह आणि श्टुटगार्ट ही तांत्रिक शिक्षणाची नामवंत ठिकाणे ज्या राज्यात आहेत, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो फी लावली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांकडून मास्टर्ससाठी सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो घेण्यास सुरुवात केली. आखेन, ड्रेस्डेन, डार्मश्टाट यांचे नियम वेगळे. खाजगी संस्थांची फी तर पुष्कळच असते. एजंट जिचे नाव पुढे करतो ती संस्था सरकारी की खाजगी, हे पालकांनी पहिल्याच भेटीत विचारावे. आमच्या अनुभवात या एका प्रश्नावर बरेच एजंट विषय बदलतात.

फी नसली तरी पैसा लागतोच. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-खाण्याची रक्कम आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो झाली. एका युरोला शंभर रुपये धरले तरी सुमारे बारा लाख. हा पैसा विद्यार्थ्याचाच असतो, तेथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे त्याला परत मिळतो. पण तो आधी उभा करावा लागतो आणि हे एकाच वर्षाचे झाले. दुसऱ्या वर्षी मुलगा पार्टटाइम नोकरी करून भागवील, असे घरचे गृहीत धरतात. कायद्याने विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते (मार्च २०२४ पूर्वी हे १२० आणि २४० होते). परवानगी आहे म्हणजे काम मिळेलच असे नव्हे, आणि मिळाले तरी अभ्यासाचे तास कोठून आणायचे, हे खाली पाहू.

आता प्रवेश. येथे आपल्या लोकांचा फार गैरसमज आहे. आपल्याकडे टक्के असले की दार उघडते. तेथे आधी पाहतात, तुमच्या बी.ई.मध्ये कोणकोणते विषय किती शिकवले होते. मास्टर्स हा आधीच्या पदवीचा पुढचा मजला मानतात. गणिताची इतकी क्रेडिट, यांत्रिकीची इतकी, नियंत्रण-प्रणालीची इतकी, असे हिशेब अभ्यासक्रमाच्या नियमांत लिहिलेले असतात. ८५ टक्क्यांचा मेकॅनिकलवाला कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करतो आणि नकार आला की चकित होतो. त्यात चकित होण्यासारखे काही नाही, त्याचा खालचा मजलाच वेगळा आहे. तेव्हा बारावीनंतर शाखा निवडताना पुढचे मास्टर्सही डोळ्यांपुढे असावे.

टक्क्यांचेही रूपांतर होते. जर्मनीत १.० हा सर्वोत्तम गुण आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. आपले गुण त्यात बसवण्यासाठी बव्हेरियाचे म्हणून एक सूत्र वापरतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा. त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांतील फरकाने भागा. तीनने गुणा, एक मिळवा. कमाल १००, पास ४० आणि मिळाले ७०, तर तीस भागिले साठ, गुणिले तीन, अधिक एक, म्हणजे २.५. नववीच्या मुलांनी ८५ टक्क्यांचे उत्तर काढून पाहावे.

कागदपत्रांत एक नवे आहे. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना ए.पी.एस्. या जर्मन संस्थेकडून आपली गुणपत्रके तपासून प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यात वेळ जातो. ते पदवीच्या शेवटच्या वर्षातच हाती घ्यावे.

परंतु खरा प्रश्न प्रवेश मिळाल्यानंतर सुरू होतो, आणि त्याविषयी एजंट एक अक्षर बोलत नाही. मास्टर्स बहुधा चार सत्रांचे, १२० क्रेडिटचे असते, म्हणजे सत्राला ३०. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचे काम धरलेले असते. तीस धरले तर सत्राला ९०० तास होतात, आणि सत्र सहा महिन्यांचे म्हणजे २६ आठवड्यांचे. भागाकार करा : आठवड्याला सुमारे पस्तीस तास, सुट्ट्या न धरता. यांतले वर्गातले तास थोडे, उरलेले एकट्याने बसून करायचे. हजेरी पुष्कळ ठिकाणी कोणी घेत नाही. युनिट टेस्ट नाही, घरी फोन करणारे वर्गशिक्षक नाहीत. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत व्याख्याने होतात आणि मग एकाच परीक्षेवर त्या विषयाचे भवितव्य ठरते. ऑक्टोबर ते जानेवारी मुलाला वाटते, किती छान, काही ताणच नाही!

आणि परीक्षेच्या संधी मोजक्या. बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच. आपल्याकडे ए.टी.के.टी. लागली, बॅक राहिली, तरी गाडी रखडत का होईना पुढे जाते. तेथे आवश्यक विषयात शेवटची संधीही गेली की विद्यापीठातून नाव कमी होते, आणि त्याच अभ्यासक्रमाला जर्मनीत दुसरीकडे प्रवेश मिळणेही बहुधा बंद होते. व्हिसा शिक्षणासाठी असतो, म्हणून त्यावरही गदा येते. घर गहाण टाकून मुलाला पाठवणाऱ्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे, अशी आमची विनंती आहे. हुशार मुले यात अडकतात ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. शाळेपासून त्यांच्या अभ्यासाचे वेळापत्रक दुसऱ्यानेच आखलेले असते, सकाळी कोचिंग, दुपारी शाळा, संध्याकाळी पुन्हा कोचिंग. कोणी न सांगता धडा उघडण्याची वेळच त्यांच्यावर आलेली नसते. म्हणूनच यंदापासून नववी आणि अकरावीला आठवड्यातून दोन तासिका स्वाध्यायाच्या ठेवल्या आहेत. त्यांत शिक्षक शिकवणार नाहीत. या तासिका फुकट जातात अशी तक्रार काही पालकांनी केली, तिचे आमचे उत्तर हेच.

भाषेबद्दल थोडे सविस्तर, कारण हा आमच्या आवडीचा विषय आहे. आम्ही पदवी हिंदी माध्यमातून घेतली, त्यामुळे विज्ञान इंग्रजीतच शिकता येते असे कोणी म्हटले की आम्हांला राहवत नाही. इंग्रजीतून चालणारे मास्टर्स जर्मनीत बरेच आहेत, पण तो देश आपले यंत्रशास्त्र आपल्याच भाषेत शिकतो. ऑक्सिजनला ते झाउअरश्टॉफ म्हणतात, म्हणजे आंबट द्रव्य. आपल्या जुन्या पुस्तकांतला आम्लजन अगदी तोच! हायड्रोजन म्हणजे वासरश्टॉफ, पाण्याचे द्रव्य. मेकॅनिकल इंजिनिअरिंग म्हणजे माशीनेनबाउ, यंत्रबांधणी. संस्कृत समास सोडवलेल्या मुलाला हे लांबलचक शब्द फोडणे जड जाऊ नये. इंग्रजीतून पदवी घेतली तरी घरमालक, सरकारी कचेरी आणि विशेषतः नोकरी या ठिकाणी जर्मन लागतेच. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी अठरा महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. ज्याने दोन वर्षांत भाषा टाळली, त्याचे हे महिने फार लवकर सरतात. पुण्या-मुंबईचे मॅक्समुल्लर भवन ऑनलाइन वर्गही घेते. ए-१ पासून सुरुवात करून बी-१ पर्यंत येथूनच गेलेले बरे.

शेवटचे सत्र बहुधा प्रबंधाचे असते, तो विद्यापीठात किंवा एखाद्या कारखान्यातही करता येतो. तेथे पाठांतर चालत नाही, हाती आलेल्या मोजमापांतून जे निघेल ते लिहायचे. विषय तांत्रिक नसला तरी येथे इरावतीबाई कर्व्यांची आठवण होते. त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. मानवी कवटीच्या असमानतेचा वंशाशी संबंध आहे, असे त्यांच्या प्राध्यापकांचे मत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असे प्रबंधात लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

विश्वस्त मंडळासाठी एक मुद्दा. आपल्या शिक्षण-साहाय्य निधीचे अर्ज ऑगस्टमध्ये मागवले जातात. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि बंद खात्यातली रक्कम व्हिसाच्या अर्जाबरोबर, म्हणजे त्याच्या काही महिने आधीच दाखवावी लागते. ऑगस्टमध्ये मंजूर झालेली मदत माजी विद्यार्थ्याच्या त्या वर्षी उपयोगी पडत नाही. अर्ज फेब्रुवारीत मागवावेत आणि परदेशी शिक्षणासाठीची मदत बिनव्याजी कर्जाच्या रूपात द्यावी, असा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत मांडत आहोत. ज्या पालकांना त्याविषयी काही सुचवायचे असेल, त्यांनी शनिवारी मधल्या सुट्टीनंतर कार्यालयात भेटावे.