अजून बोलत नाही

गेल्या दिवाळीत ताई मुलाला घेऊन माहेरी आली. बाळ्याला दोन वर्षे पुरी होत आलेली. पण तोंडातून एकही शब्द नाही. आजी म्हणाली, "मामावर गेलाय. हाही अडीच वर्षांपर्यंत मुकाच होता." मामा म्हणजे मी. मानसशास्त्र घेऊन तृतीय वर्षात शिकणाऱ्या मलाही ते पटले, याची आता लाज वाटते.

मुलाच्या वाढीचा क्रम बहुधा ठरलेला असतो, वेळ मात्र मागेपुढे होते. निरोगी मुले ८ ते १८ महिन्यांत केव्हाही चालू लागतात. म्हणून शेजारच्या छकुलीशी तुलना करणे व्यर्थ. पण वर्षाच्या आसपास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत "दूध दे" अशी शब्दांची जोडी आलीच पाहिजे. तिरुवनंतपुरम येथे तयार झालेला १७ बाबींचा तक्ता यासाठी उपयोगी आहे. मुलाच्या वयावर उभी पट्टी ठेवायची; पट्टीच्या डावीकडील एखादी बाब जमत नसेल तर मूल तज्ज्ञाकडे पाठवायचे. हे निदान नव्हे, ही चाळणी. उशिरा बोलण्यामागे मतिमंदत्व असेल, स्वमग्नता असेल किंवा नुसता कान असेल.

ताई सांगत होती, "पाठीमागून हाक मारली तर बघत नाही रे." आम्ही ताट वाजवले. तो वळला, सगळे हसले. ताटाचा हादरा जमिनीतून पोचतो, हलता हात डोळ्याच्या कडेने दिसतो, हे कुणाच्या ध्यानी आले नाही. शिवाय तान्हेपणी तो हुंकार देत असे. बहिरे मूलही सुरुवातीचे काही महिने हुंकार देतेच; त्यामुळेच घरचे फसतात.

अखेर जिल्ह्याच्या गावी 'बेरा' चाचणी झाली. मूल झोपलेले असताना कानात आवाज सोडतात आणि मेंदूकडे जाणारे संदेश डोक्याला लावलेल्या तारांतून टिपतात. दोन्ही कानांत तीव्र दोष निघाला. कानाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत व्हावा, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. ताईने बोटांवर महिने मोजले व गप्प बसली.

आता बाळ्याला श्रवणयंत्र आहे. परवा कुकरची शिट्टी झाली तेव्हा तो दचकून रडला, आणि ताई हसली. शब्द अजून आलेला नाही.