डोळ्यांची पुढची तारीख कशी ठरते?



मी दुबईत नेत्रतपासणीच्या कामात आहे. मुंबई-ठाण्याहून मुलांकडे सहा-आठ महिने राहायला येणारे मधुमेही ज्येष्ठ मला हमखास विचारतात, "डोळे वर्षातून एकदा दाखवले की पुरे ना?" पुष्कळांना पुरे, सर्वांना नाही.

वाढलेल्या साखरेने डोळ्याच्या पडद्यातील बारीक रक्तवाहिन्या कमजोर होऊन पाझरतात. पुढे नव्या, नाजूक वाहिन्या उगवतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. सुरुवातीला दुखत नाही, नजरही कमी होत नाही. म्हणून नुसता चष्म्याचा नंबर काढून भागत नाही. पडद्याची तपासणी वेगळी. तिच्यासाठी बहुधा बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. इथल्या उन्हात परतताना काळा चष्मा हवा आणि सोबत कोणी तरी हवे.

पडदा निरोगी असेल तर वर्षाने तपासणी. इंग्लंडमध्ये लागोपाठ दोन तपासण्या निर्दोष आलेल्यांना आता दोन वर्षांनी बोलावतात. पण ही सवलत सर्वांना नाही. सौम्य दोषात सहा ते बारा महिने, मध्यम दोषात तीन ते सहा महिने, तीव्र दोषात त्याहूनही लवकर. साखर फार वाढलेली, रक्तदाब चढा किंवा मूत्रपिंड अधू असेल तर दोष भराभर वाढू शकतो.

फार चढलेली साखर औषधांनी झपाट्याने उतरली, तरी आधीचा दोष काही काळ बळावू शकतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइड इंजेक्शनच्या चाचणीत डोळ्यांचा असा त्रास १,००० पैकी ३० जणांना झाला; औषध न घेणाऱ्यांत १८ जणांना. यासाठी औषध बंद करू नका. साखर ताब्यात ठेवणे पुढे डोळ्यांच्याच हिताचे आहे. मात्र नवे इंजेक्शन किंवा इन्सुलिन सुरू करण्यापूर्वी पडदा दाखवा.

तपासणी चुकते ती दोन देशांच्या मध्ये. तिकडे वाटते दुबईत होईल, इकडे वाटते परतल्यावर करू. दुबईत २००७ पासून मूरफील्ड्स नेत्ररुग्णालय आहे, अबू धाबीत २००६ पासून इम्पीरियल कॉलेज लंडन डायबिटीस सेंटर आहे. पण विम्यात तपासणी बसते का, हे आधी विचारा. नसेल तर निघण्यापूर्वीच करून या. पासपोर्टसोबत शेवटचा रिपोर्ट ठेवा आणि पुढच्या तपासणीची तारीख डॉक्टरांकडून त्यावरच लिहून घ्या.

डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, पडदा आल्यासारखे किंवा सरळ रेघा वाकड्या दिसल्या, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.