तक्ता घरी ठेव, माड दाखव

मने, तिसरी-चौथीच्या पोरांना आनुवंशिकता शिकवायला तू जो तक्ता केलायस ना, तो घरीच ठेव. जीभ वळते का, कानाची पाळी सुटी का, हे आईकडून आलं की बाबांकडून... एक तर ते शास्त्रच कच्चं. जीभ वळणं आनुवंशिक, असं १९४० मध्ये स्टर्टेव्हंट या आनुवंशशास्त्रज्ञानं लिहिलं खरं. पण पुढे एकसारख्या जुळ्यांतही एकाची वळते नि दुसऱ्याची नाही असं दिसलं, तेव्हा त्यानं स्वतःच माघार घेतली. आणि शास्त्र राहू दे, वर्गात एखादं दत्तक असतं, एखाद्याचा बाप घर सोडून गेलेला असतो. त्याला चारचौघांत ‘तू कुणावर गेलास रे’ विचारणार आहेस तू? रंगावरून बोलणारी माणसं पोरांच्या घरी असतातच, त्यात आपली भर कशाला.

त्यापेक्षा रत्नागिरीजवळ भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, १९५५ पासूनचं. परवानगी काढ आणि पोरांना थेट माडाखाली उभं कर. माडाला कुणी चिडवत नाही.

आधी उंच बाणवली दाखव, मग ठेंगू. बाणवली धरायला सहा-सात वर्षं घेतो, ठेंगू तीन-चार वर्षांतच लागतो. दोघांचं लग्न लावलं तर? १९३२ मध्ये केरळात नीलेश्वरला जे. एस. पटेलांनी तेच केलं, नारळाचा पहिला संकर. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उमलली की नरफुलं काढून टाकायची, पिशवी बांधायची, मादीफुलं तयार झाली की दुसऱ्या माडाचे पराग सोडायचे. मग नारळ तयार व्हायला वर्षभर थांबायचं. हे वर्षभर थांबणं पोरांना नीट सांग, कारण शास्त्रज्ञ म्हणजे झटपट जादू असं त्यांना वाटतं.

आता खरी गंमत. नारिंगी ठेंगू आई, उंच माड बाप. त्यांची रोपं वाफ्यात आली की देठाचा रंग बघतात. देठ नारिंगी असेल तर बाहेरचे पराग पोचलेच नाहीत, रोप काढून टाकायचं. देठ तपकिरी-हिरवट असेल तर संकर जमला. पोरांच्या हातात रोपं दे आणि त्यांनाच निवडू दे. कुणीतरी विचारेलच, आईचा नारिंगी रंग गेला कुठे? लगेच उत्तर देऊ नकोस गं. आत लपलाय, हे त्यांच्यातलंच एखादं म्हणेल. मग सांग, म्हणूनच संकरित माडाचा नारळ घरी रुजत घातला की रोपं एकसारखी निघत नाहीत, रोपं केंद्रातूनच आणावी लागतात. हे ऐकून घरी जाऊन आजोबांना शिकवतील बघ.

हे आत लपलेलं असतं कशात, तेही दाखव; हात बरबटायला केळं ने. कुस्करायचं, मीठ नि भांड्यांच्या साबणाचं पाणी घालायचं, गाळायचं, वरून गारेगार स्पिरिट अलगद सोडायचं. पांढरे धागे वर येतात, डीएनएचे. एक धागा म्हणजे एक डीएनए नव्हे, असंख्य पेशींमधला गुंता आहे, एवढं मात्र सांग. स्पिरिट तूच ओत, आणि जवळपास कुणाला काडी ओढू देऊ नकोस.

सकाळी लवकर जा, दुपारी पोरं समुद्राकडेच बघत बसतील. आणि शहाळी फुकट मागू नकोस, विकत घे.