चासी कापावी का?

प्रश्न : जुन्या बाईकची चासी कापून, पुढचा काटा लांबवून घरीच चॉपर बनवायची आहे. जमेल का? – एक वाचक, धानोरा

उत्तर : वेल्डिंग जमेल हो, पण आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला असा बदल चालत नाही. दर बदलामागे ५,००० रुपये दंड, कैदही होऊ शकते. शिवाय काटा लांबला की गाडी सरळ रस्त्यावर शांत चालते, वळणावर मात्र जड होते आणि खड्ड्याचा सगळा दणका तुमच्या जोडावर येतो. देवराष्ट्रेच्या (सांगली) दत्तात्रय लोहारांनी भंगारातून चारचाकी घडवली. कौतुक खूप झालं, पण ती नियमांत बसत नव्हती. २०२२ मध्ये आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. तुम्ही हौस सीट आणि रंगावर भागवा. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या. चासी नंबरजवळ ग्राइंडर नेऊच नका.