'ऑब्झर्व्हेशन' या शब्दाची किंमत

मंडळी, 'ऑब्झर्व्हेशन' म्हणजे निरीक्षण, असे आपण शाळेत पाठ केले. इथे आल्यावर त्याचे आणखी अर्थ कळले. सभेत कोणी "माझं एक ऑब्झर्व्हेशन आहे" म्हणाले की समजावे, आता तक्रार येणार! चार जुलै शनिवारी आला की सरकारी सुट्टी शुक्रवारी 'ऑब्झर्व्ह' करतात, म्हणजे पाळतात.

रुग्णालयातला अर्थ मात्र मला फार उशिरा कळला. गेल्या हिवाळ्यात हे बर्फावर घसरून पडले. तीन रात्री रुग्णालयात होते. खाट, सलाईन, मनगटाला पट्टा, सगळे होते. नर्स म्हणाली, "ऑब्झर्व्हेशनखाली आहेत." मला वाटले, बरे झाले, नीट लक्ष ठेवताहेत. पुढे चालण्याच्या व्यायामासाठी हे नर्सिंग फॅसिलिटीत अठरा दिवस राहिले, आणि मेडिकेअरने ते बिल नाकारले.

कारण तिथे ऑब्झर्व्हेशन हा बिलाचा दर्जा आहे. माणूस खाटेवर झोपलेला असला तरी कागदावर तो 'आउटपेशंट'. त्याचा खर्च पार्ट 'ए'ऐवजी पार्ट 'बी'कडे जातो. रोजच्या गोळ्यांचे पैसेही बहुधा वेगळे पडतात. मूळ मेडिकेअर स्किल्ड नर्सिंगचे पहिले २० दिवस पूर्ण भरते, पण त्याआधी सलग ३ दिवस 'इनपेशंट' असावे लागते. घरी सोडण्याचा दिवस त्यात धरत नाहीत, आणि ऑब्झर्व्हेशनच्या रात्रीही नाहीत. (मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या कित्येक योजना ही अट माफ करतात, आपली पुस्तिका पाहावी.)

ऑब्झर्व्हेशन २४ तासांपेक्षा लांबले, तर ते सुरू झाल्यापासून ३६ तासांच्या आत रुग्णालयाने 'मून' नावाची लेखी सूचना द्यायची असते. २०१७ पासून तसे बंधन आहे. आम्हालाही ती दिली होती. मी सही केली. चष्मा पर्समध्येच होता.

तेव्हा घरचे कोणी रुग्णालयात असेल तर रोज सकाळी विचारा, "इनपेशंट की आउटपेशंट?" दर्जा बदलायची विनंती डॉक्टरांना तिथे असतानाच करावी. एकदा घरी आलात की ते फार अवघड. आधी इनपेशंट करून मग दर्जा उतरवला असेल, तर २०२५ पासून काही बाबतींत अपील करता येते. यांचा दर्जा पहिल्या रात्रीपासून ऑब्झर्व्हेशनचाच होता, त्यामुळे आम्हाला ती वाट नव्हती. बिल हप्त्याहप्त्याने फेडतो आहोत.